ताजमहालाचं तिकीट कसं काढावं: वार, दोन तिकिटं आणि तीन तास

आग्र्याला निघालेलं कुटुंब बहुतेक वेळा आधी रेल्वेचं आरक्षण करतं, मग हॉटेल ठरवतं आणि ताजचं तिकीट "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतं. हा क्रम उलटा करा. ताज कोणत्या दिवशी आणि किती वाजता बघायचा हे आधी ठरलं, की गाडी आणि हॉटेल त्यानुसार ठरवणं सोपं जातं.

सुरुवात वारापासून

ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, कारण आवारातल्या मशिदीत जुम्याची नमाज होते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची गफलत इथेच होते. मुंबईहून पंजाब मेल किंवा पुण्याहून झेलम एक्स्प्रेस धरली, की आग्रा कँट दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर येतं. बुधवारी निघालात तर गुरुवारी पोचेपर्यंत दिवस संपत आलेला असतो आणि पुढचा दिवस शुक्रवार. परतीची गाडी शुक्रवारी रात्रीची असेल तर ताज न बघताच घरी यावं लागतं. म्हणून बुधवारी निघू नका. दिल्लीहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांसाठी गतिमान एक्स्प्रेस सोयीची आहे, पण तीही शुक्रवारी धावत नाही.

शाहजहानच्या उरुसाचे तीन दिवसही टाळावेत. त्या दिवसांत प्रवेश मोफत असतो आणि तळघरातल्या खऱ्या कबरी खुल्या होतात, पण गर्दी इतकी होते की लहान मुलं किंवा वृद्ध बरोबर असतील तर जाऊच नये. उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे येत असल्यामुळे त्याची तारीख दरवर्षी बदलते.

एक तिकीट की दोन?

ताजला दोन वेगवेगळे दर आहेत आणि खिडकीवरचा बराच गोंधळ त्यातूनच होतो. भारतीय प्रौढांसाठी मूळ प्रवेश ५० रुपये. त्यात बाग, कारंजी, दोन्ही बाजूंच्या लाल दगडाच्या इमारती आणि खालचा चौथरा एवढं बघता येतं. वर, पांढऱ्या संगमरवरी चौथऱ्यावर आणि घुमटाखालच्या दालनात जायचं असेल तर २०० रुपये जादा. हे जादा तिकीट डिसेंबर २०१८ पासून आहे. परदेशी पर्यटकांसाठी मूळ प्रवेश ११०० रुपये आहे आणि घुमटाचे २०० वेगळे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मात्र बारा-तेरा वर्षांच्या उंच मुलाचं आधार कार्ड बरोबर ठेवा.

हिशोब असा: आई, वडील, आजी, आजोबा आणि १२ वर्षांची मुलगी असतील तर फक्त प्रवेशाचे २०० रुपये होतात आणि सगळे वर जाणार असतील तर १००० होतात. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

वर जावं का? पहिल्यांदाच जात असाल तर नक्की जा. संगमरवरात रंगीत खडे बसवून केलेलं पच्चीकारीचं काम हाताच्या अंतरावरून बघण्यात जे आहे ते बागेतून दिसत नाही. पण दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत वरची रांग खूप लांबते आणि आतल्या दालनात थांबू देत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांचं फक्त मूळ तिकीट काढलं आणि ते बागेतल्या बाकावर निवांत बसले, तरी त्यांचं काही बुडत नाही.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल तर २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय स्मारकांवर भारतीयांचाच दर लागतो. मूळ कार्ड जवळ हवं. मोबाइलमधल्या फोटोवर प्रवेशद्वारात वाद होतो.

ऑनलाइन तिकीट काढताना

शोधयंत्रात "ताज तिकीट" टाकलं की वरच्या जागा जाहिरातींच्या असतात. त्यातल्या बऱ्याच जागी गाइड, गाडी आणि "रांगेशिवाय प्रवेश" असं काहीतरी जोडून ५० रुपयांचं तिकीट कितीतरी पटींनी महाग विकलेलं असतं. त्यामुळे ताजमहालच्या सरकारी किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर जा आणि तिथल्या दुव्यावरूनच आरक्षणाच्या पानावर पोचा.

पुढे शहर म्हणून आग्रा, स्मारक म्हणून ताजमहाल, मग तारीख निवडा. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरा. घुमटाचं तिकीट आपोआप जोडलं जाईल असं धरून चालू नका. तो पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि नेमका तोच राहतो. शेवटी एकूण रक्कम वरच्या हिशोबाशी ताडून बघा. तारीख दोनदा तपासा, कारण एकदा काढलेलं तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. क्यूआर कोडचं चित्र मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. दारात गर्दी असते आणि तिथे इंटरनेटच्या भरवशावर राहणं बरं नाही.

दरवाजा, वेळ आणि सामान

ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. तिकीट आत गेल्यापासून तीन तास चालतं. जास्त थांबलात तर पुन्हा पैसे भरावे लागतात.

मार्च ते ऑक्टोबर पहाटेच जा. मे महिन्यात अकरानंतर दगड इतका तापतो की अनवाणी उभं राहवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र उलट करा. त्या दिवसांत सकाळी दाट धुकं पडतं आणि बागेच्या या टोकाला उभं राहून घुमट दिसतही नाही. तीन तासांतले दोन धुकं विरण्याची वाट बघण्यात जातात. हिवाळ्यात साडेदहा-अकराला आत शिरणं शहाणपणाचं.

पश्चिम दरवाजा किल्ल्याच्या आणि स्टेशनच्या बाजूला, म्हणून तिथे गर्दी जास्त. पूर्व दरवाजासाठी शिल्पग्रामच्या वाहनतळावर उतरायचं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या ताजच्या ५०० मीटरच्या आत सोडत नाहीत, तिथून बॅटरीच्या गाडीने किंवा चालत जायचं. "दक्षिण दरवाज्यातून लगेच आत नेतो" असं कुणी म्हणालं तर समजा की तो लपका आहे. पर्यटकांना गाठणाऱ्या दलालांना आग्र्यात लपके म्हणतात. दक्षिण दरवाज्यातून प्रवेश २०१८ पासून बंद आहे.

तपासणीसाठी स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा प्रत्येकाचं तिकीट आणि ओळखपत्र ज्याच्या त्याच्याकडे असू द्या. मोबाइल, कॅमेरा आणि पाण्याची बाटली चालते. खाऊ, तंबाखू, काडेपेटी, लायटर, ट्रायपॉड आणि मोठी पिशवी चालत नाही. चिवड्याचा डबा सापडला की रांगेतून बाहेर पडून सामानघराकडे जावं लागतं आणि मग पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं. घुमटाकडे जाताना चपला काढायच्या किंवा त्यावर कापडी आवरण चढवायचं. आत छायाचित्रं काढू देत नाहीत.

गाइड हवा असेल तर त्याचं पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा आणि रक्कम दारातच पक्की करा. "नंतर कोणत्याही दुकानात जाणार नाही" हेही तेव्हाच सांगा, नाहीतर फेरी संगमरवराच्या दुकानात संपते.

चांदण्यातला ताज

पौर्णिमा, तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस रात्रीही ताज बघता येतो. शुक्रवार आणि रमजान वगळून. रात्री साडेआठ ते साडेबारा, पन्नास-पन्नास जणांच्या आठ तुकड्या, प्रत्येकीला अर्धा तास. म्हणजे एका रात्रीत जास्तीत जास्त ४०० माणसं. तिकीट आदल्या दिवशी काढायचं असतं, म्हणून आग्र्यात दोन मुक्काम असतील तरच हा बेत करा. मुख्य दरवाज्याजवळच्या चौथऱ्यावरून, दूरूनच बघायचं असतं. जवळ सोडत नाहीत. ढग आले तर पैसे गेले. दिवसा ताज बघितलेला नसेल तर फक्त रात्रीच्या तिकिटावर समाधान मानू नका.

त्याच दिवशी किल्ला

आग्र्याचा किल्ला अडीच किलोमीटरवर आहे आणि शुक्रवारीही उघडा असतो. तिकीट वेगळं, त्याच संकेतस्थळावर, आणि प्रवेश अमरसिंह दरवाज्यातून. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते याच किल्ल्यात. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि त्याच्यापाशी जायला तिकीट लागत नाही. आत दोन तास तरी ठेवा. संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत गेलात तर ताजची मागची बाजू दिसते. तिथलं तिकीट स्वस्त आहे आणि ताज बंद असतो त्या शुक्रवारीही ही बाग उघडी असते.