बगॅसचा बेल्ट एका अंगाला पळतोय? टेकअपच्या बोल्टला हात लावू नका

मिलमधून बॉयलरकडे बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, नेणारा बेल्ट बंद पडला, की वाफेचा काटा उतरू लागतो आणि तिकडे गव्हाणीपाशी (ऊस टाकतात तिथे) ट्रॅक्टरांची रांग वाढत जाते. गाळप हंगामात या बेल्टची आठवड्याची तपासणी एकदाही चुकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिली फेरी बेल्ट चालू असताना मारायची, कशालाही हात न लावता. खरखरणारा किंवा फिरायचा थांबलेला रोलर दिसला, की त्याचा नंबर वहीत टिपा. थांबलेला रोलर 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून सोडू नका. वरून बेल्ट घासून त्याची नळी पातळ होते आणि तिला सुरीसारखी धार येते. शिवाय तो तापतो, आणि खाली साठलेल्या वाळक्या बगॅसच्या भुशाला पेट घ्यायला तेवढं पुरतं. गिअरबॉक्सचं तेल, स्कर्ट रबर (कडेने माल सांडू न देणारी पट्टी), स्क्रेपर (बेल्टला चिकटलेला माल खरवडणारी पट्टी) आणि बेल्टचा जोड याच फेरीत नजरेखालून घाला.

मग बेल्ट बंद. ब्रेकर पाडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि स्टार्टचं बटन दाबून खात्री करा. नुसती पुलकॉर्ड (बेल्ट थांबवायची कडेची दोरी) ओढून काम सुरू करणाऱ्याला मी माझ्या शिफ्टमध्ये बेल्टजवळ उभं राहू देत नाही. चढावरचा भरलेला बेल्ट वीज नसतानाही मागे घसरू शकतो.

खराब रोलर बदला. टेल पुली (बेल्टच्या मागच्या टोकाची पुली) आणि परतीच्या, म्हणजे खालच्या बाजूच्या, रोलरवर चिकटलेला चिखल-बगॅस खरडून काढा.

आता बेल्ट एका अंगाला पळण्याचं. माझ्या तिसऱ्या हंगामात रात्रपाळीला बेल्ट उजवीकडे जाऊ लागला. जुन्या मंडळींनी सांगितलं होतं तसं मी टेल पुलीच्या टेकअपचा, म्हणजे ती पुली मागेपुढे सरकवायच्या जोडणीचा, उजवा बोल्ट आवळला. बेल्ट मधे आला, तासाभराने परत गेला, मी परत आवळला. पहाटे उजवी कड चॅनेलला (लोखंडी चौकटीला) घासून हातभर फाटली आणि जोडही उसवला. एक रोलर तिरका होता, एवढंच मूळ कारण. टेकअप हा ताण देण्यासाठी असतो. त्याच्या एका बाजूने बेल्ट ओढत राहिलात, तर ती कड कायमची ताणली जाते आणि मग तो बेल्ट सरळ चालणं अवघड. आजही नव्या पोरांना हाच बोल्ट दाखवला जातो, याचा मला राग येतो.

आधी निदान करा. बेल्टच्या कडेला खडूने खूण करून बेल्ट रिकामा चालवा. बेल्टचा तोच तुकडा जिथे जाईल तिथे बाहेर पळत असेल, तर दोष बेल्टचा: जोड गुण्यात (काटकोनात) नाही किंवा कड वाकलेली आहे. रोलर हलवून उपयोग नाही, जोड नव्याने करावा लागेल. उलट, अख्खा बेल्ट एकाच जागी बाहेर जात असेल, तर दोष त्या जागेच्या थोडा अलीकडे, जिथून बेल्ट येतो तिकडे. तिथले रोलर दोरी लावून तपासा.

नियम एकच: रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी टेकतो, त्या टोकाकडे तो सरकतो. म्हणून बेल्टच्या चालीकडे तोंड करून उभे राहा. बेल्ट उजवीकडे पळत असेल, तर रोलरचं उजवं टोक पुढे, म्हणजे चालीच्या दिशेने सरकवा. परतीच्या बेल्टसाठी परतीच्या दिशेकडे तोंड करा, नियम तोच. सुरुवातही परतीच्या बाजूनेच करा, कारण टेल पुलीवर बेल्ट मधोमध आला, की वरचं निम्मं काम झालेलं असतं.

एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. एकच रोलर खूप फिरवण्यापेक्षा लागोपाठचे तीन-चार थोडे थोडे हलवा. सरकवताना दर वेळी बेल्ट बंद, कुलूप लावलेलं. चालू बेल्टखाली हातोडीने स्टँड ठोकणारे मी पाहिलेत; बाही अडकायला क्षणही लागत नाही.

सरकवल्यावर थांबा. सगळे इथेच घाई करतात. पुलीपासून पुलीपर्यंत 60 मीटरचा बेल्ट सेकंदाला दीड मीटरने चालत असेल, तर त्याच्या एका फेरीला 80 सेकंद लागतात. निदान तीन फेऱ्या, म्हणजे चार मिनिटं, नुसतं बघत उभं राहायचं. त्याआधी पान्याला हात लावलात, तर तुम्ही आधीच्याच फेरफाराचा परिणाम दुरुस्त करत बसाल.

बेल्ट मधे आला, की बोल्ट घट्ट करा आणि माल सोडून पुन्हा बघा. रिकामा सरळ आणि भरल्यावर तिरका चालत असेल, तर रोलर सोडा, वरच्या चुटात (माल बेल्टवर सोडणाऱ्या घसरणीत) बघा: बगॅस बेल्टच्या मध्यावर पडत नसणार.