अ‍ॅम्पची पॉवर वायर कशी ठरवायची: कार ऑडिओच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कार ऑडिओच्या दुकानात कामाला लागणारी बरीच पोरं आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन करून येतात, नाहीतर घरगुती वायरिंग करता करता इकडे वळतात. हात बसलेला असतो, वायर सोलण्यापासून बोर्ड भरण्यापर्यंत सगळं येतं. घोळ एकाच ठिकाणी होतो: डोक्यात 230 व्होल्ट पक्के बसलेले असतात. घरातला 2000 वॅटचा गिझर जेमतेम 9 अँपिअर घेतो आणि चार स्क्वेअर एमएमच्या वायरवर वर्षानुवर्षं निवांत चालतो. गाडीत 500 वॅटचा अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, पूर्ण जोरात वाजला की 45 अँपिअर ओढतो. वॅट पाव हिस्सा, करंट पाचपट. घरच्या अंदाजाने वायर टाकली तर इथे सगळंच गणित फसतं.

मी कोल्हापुरात हेच काम करतो. दुकानात नवीन आलेल्या पोराला मी आधी गाडी उघडायला देत नाही, कागद-पेन देतो. गिऱ्हाईक बाहेरून विचारत असतं, "भावा, किट कितीला बसतंय?" आणि पोरगं लगेच भिंतीवरचं वायर-किटचं पाकीट काढायला धावतं. थांबायचं. अ‍ॅम्प कुठला, तो किती करंट घेणार, डिकीपर्यंत वायर किती लांब जाणार, एवढं कळल्याशिवाय किटचा भाव सांगण्यात अर्थ नाही.

सुरुवात वॅटपासून. खोक्यावर "3000 वॅट मॅक्स" असं ठळक छापलेलं असतं, ते वाचून सोडून द्या. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सलग देता येणारी ताकद. अ‍ॅम्पवर सीईए-2006 या अमेरिकन मानकाचा उल्लेख असेल तर आकडा बराच विश्वासाचा, कारण त्या मानकात 14.4 व्होल्टला, 4 ओहमवर, ठराविक डिस्टॉर्शनच्या आत मोजायचं बंधन आहे. उल्लेख नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. 30-30 चे दोन फ्यूज असतील तर तो सलगपणे 60 अँपिअरच्या फार पुढे जाऊ शकत नाही. 60 गुणिले 13.8 म्हणजे 828 वॅट आत गेले. क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प त्यातले साधारण 80 टक्के स्पीकरकडे पाठवतो, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. क्लास एबी असेल तर 50-60 टक्केच, बाकीची नुसती उष्णता. 3000 वॅटची हवा अशी दोन फ्यूजमध्ये निघून जाते.

उलट बाजूने करंट काढायचा तर आरएमएस वॅटला कार्यक्षमतेने भागा आणि आलेल्या आकड्याला 13.8 ने. 500 भागिले 0.8 म्हणजे 625, भागिले 13.8 म्हणजे 45 अँपिअर. गाणं काही सतत पूर्ण जोरात नसतं, सरासरी करंट बराच कमी राहतो. पण बेसचा ठोका पडतो त्या क्षणी वायरने पूर्ण करंट पुरवला पाहिजे, म्हणून वायर ठोक्याच्या हिशोबाने घ्यायची.

मग लांबी. टेप घेऊन बॅटरीपासून डिकीपर्यंत सरळ रेषा मोजू नका. सुतळी घ्या आणि वायर जिथून जाणार तिथूनच फिरवा: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकातून आत, दाराच्या पायपट्टीखालून मागे, सीटच्या बगलेतून अ‍ॅम्पपर्यंत. छोट्या हॅचबॅकमध्येसुद्धा ती आरामात 5 मीटर भरते.

आता खरं सूत्र. तांब्याच्या वायरमध्ये किती व्होल्ट गळणार, तर 0.0175 गुणिले मीटरमधली लांबी गुणिले अँपिअर, भागिले स्क्वेअर एमएम. किटवर गेज लिहिलेला असतो, तो आधी स्क्वेअरमध्ये आणा. 8 गेज म्हणजे साधारण 8.4 स्क्वेअर, 4 गेज म्हणजे 21, 0 गेज म्हणजे 53. आकडा लहान तितकी वायर जाड, हे नव्या पोराला चार दिवस उलटंच वाटतं. 45 अँपिअर आणि 5 मीटर धरा: 8 गेजवर 0.47 व्होल्ट गळतात, 4 गेजवर 0.19. मी प्लस आणि मायनस दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवतो. त्या हिशोबाने 8 गेज नुसत्या प्लसमध्येच सगळं खाऊन टाकते, म्हणून इथे 4 गेज. गिऱ्हाईक घासाघीस करतं, करू दे. व्होल्ट गळले तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला सांगायचं की स्वस्तातल्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये आतला सप्लाय रेग्युलेटेड नसतो. 14.4 चे 12 व्होल्ट झाले की ताकद जवळपास 30 टक्क्यांनी पडते, कारण ती व्होल्टच्या वर्गाने कमी होते.

हे गणित तांब्याचं झालं. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये मात्र बहुतेकदा सीसीए असतं, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. 4 गेज सीसीए घेतली तर तिला मनात 6 गेज समजा. सीसीए वाईटच, असं माझं म्हणणं नाही. एक गेज जाड घेतली आणि फ्यूज त्या हिशोबाने लहान ठेवला तर छोट्या अ‍ॅम्पला ती चालते. राग येतो तो पाकिटावर तांबं म्हणून छापून आत सीसीए भरणाऱ्यांचा. ओळखायची रीत सोपी आहे. एक धागा काढा आणि ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखा पांढरा निघाला तर मामला कळला. वजनही बोलतं, सीसीएचं भेंडोळं हातात घेतल्याबरोबर हलकं लागतं. दुसरी लबाडी रबराची: वरचं आवरण अंगठ्याएवढं जाड आणि आत तार करंगळीच्या निम्मी. म्हणून वायर विकत घेताना टोक कापून आतला गाभा बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

बजेट फारच ताणलेलं असेल तर मी पोराला शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगची केबल आणायला पाठवतो. 25 स्क्वेअरची तांब्याची केबल 4 गेजपेक्षा जाडच पडते, धागे बारीक असल्याने छान वळते. ती निळी-लाल चकचकीत नसते, एवढंच. बॉनेटमध्ये तेल आणि उष्णता लागते, तिथे तिच्यावर फ्लेक्सिबल पाईप चढवा. घरगुती 10 स्क्वेअरची वायर मात्र वापरू नका, ती कडक असते आणि गाडीच्या हादऱ्यांना टोकाशी तुटायला बघते.

फ्यूजबद्दल एकच गैरसमज मला रोज खोडावा लागतो. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी नसतो, अ‍ॅम्पचे स्वतःचे फ्यूज असतातच. हा वायरला वाचवतो. फायरवॉलच्या पत्र्याच्या धारेवर वायर कापली गेली तर बॅटरी सगळा करंट बॉडीत ओतेल, आणि वायर पेटेल ती सीटखाली. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा आणि भोकात रबरी ग्रोमेट हवंच. आकडा वायरवरून ठरतो: तांब्याच्या 8 गेजला 50 ते 60 अँपिअर, 4 गेजला 100 ते 125, 0 गेजला 250 ते 300. त्याच्या आत राहून अ‍ॅम्पच्या फ्यूजच्या बेरजेच्या थोडा वर घ्या. वर सांगितलेल्या 60 अँपिअरच्या अ‍ॅम्पला 4 गेजवर मी 80 चा मिनी एएनएल (पट्टीचा फ्यूज) टाकतो. काचेचे एजीयू फ्यूज टाळा, होल्डरमध्ये सैल होऊन तापतात. पुढे वायर दोन अ‍ॅम्पमध्ये फोडून बारीक केली, तर फोडलेल्या जागी प्रत्येक फाट्याला पुन्हा फ्यूज लागतो.

एवढं सगळं नीट करून माणूस हरतो तो अर्थिंगला, म्हणजे अ‍ॅम्पचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडण्यात. मध्यंतरी रत्नागिरीकडची एक गाडी आली होती. प्रत्येक मोठ्या ठोक्याला अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. आधीच्या दुकानाने अ‍ॅम्प बदलून दिला होता, तरी तेच. 50 हर्ट्झचा टोन लावला, आवाज गिऱ्हाईक वाजवतं तेवढा ठेवला, आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी अ‍ॅम्पच्या प्लसला लावली. 0.2 व्होल्ट. पॉवर वायर निर्दोष. मग एक पिन अ‍ॅम्पच्या मायनसला, दुसरी बॅटरीच्या मायनसला: 1.1 व्होल्ट. अ‍ॅम्पखालचं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्यात, कंपनीच्या सीलंटवरच, एक सेल्फ स्क्रू मारलेला होता. खाली गंजाचं तांबूस पीठ. जागा बदलली, पत्रा खरवडला, बोल्ट टाकला आणि तोच टोन पुन्हा लावला. 0.08.

ही मोजणी शिकून घ्या, बाकी दहा गोष्टी नाही आल्या तरी चालतील. ओहमवर मीटर लावून अर्थिंग तपासणारे पुष्कळ भेटतात. त्याचा उपयोग नाही, कारण आपल्याला हवा असलेला रोध मिलिओहममधला असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे.

अर्थिंगची वायर प्लसच्याच जाडीची आणि होईल तितकी आखूड, शक्यतो दीड फुटाच्या आत. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर जाऊन पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, नट-बोल्ट कसा आणि वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात द्या. समुद्राकाठच्या गाड्यांना तर हे हवंच. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही अर्थिंग करू नका. सोयीचा दिसतो, पण तो माणसाचा जीव धरून ठेवायला आहे. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो करंट मोजून चार्जिंग ठरवतो. बॉनेटमध्ये मायनस जोडायची वेळ आली तर थेट बॅटरीच्या खांबाला नको, सेन्सरच्या पुढे बॉडीवर घ्या, नाहीतर सेन्सरला आपला करंट दिसतच नाही.

हेडलाइट ठोक्याबरोबर मिणमिणले की गिऱ्हाईक कपॅसिटर मागतं. माझं मत त्याबद्दल फारसं चांगलं नाही. 1 फॅरडचा कपॅसिटर 14 वरून 12 व्होल्टवर येईपर्यंत 26 जूल देतो, आणि आपला 500 वॅटचा अ‍ॅम्प सेकंदाला 625 जूल खातो. त्या पैशात बॉनेटमधल्या तीन वायरी जाड करा: अल्टरनेटरचा प्लस ते बॅटरीचा प्लस (हिला फ्यूज लागतो), बॅटरीचा मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. तरीही दिवे मिणमिणत असतील तर अल्टरनेटरच कमी पडतोय. 35 अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या छोट्या गाडीत हजार-बाराशे वॅट बसवायची हौस असलेल्याला हे आधीच सांगावं, बिल झाल्यावर नाही.

आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी, पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या. वूफरच्या पेटीला 12 गेजची स्पीकर वायर पुष्कळ होते. वूफरला 4 ओहमच्या दोन कॉइल (ड्युअल) असतील आणि त्या पॅरलल जोडल्या की 2 ओहम होतात आणि करंट वाढतो, तेव्हा वायरचं गणित तोच आकडा धरून करा.

हत्यारांचं सांगतो. पहिल्या पगारात चांगला मल्टिमीटर घ्या, नंतर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोडवर निवांत पारखून घेता येतो, पण डीसी असल्याची खात्री करा, कारण साधा एसी क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर शून्यच दाखवतो. तिसरा हायड्रॉलिक क्रिम्पर. पक्कडीने किंवा हातोडीने दाबलेलं थिंबल (वायरच्या टोकाची कडी) वरून घट्ट दिसतं आणि ओढलं की हातात येतं. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, मग हीट श्रिंक चढवा. गाडी सोडताना टोन लावून घेतलेले दोन आकडे, प्लसचा आणि मायनसचा, बिलाच्या मागे तारखेसह लिहा. वर्षभराने तीच गाडी आवाज कमी झाल्याची तक्रार घेऊन आली की पहिल्या पाच मिनिटांत कळतं, कुठली बाजू उघडायची.