इंजेक्शनच्या आधी बीजांडकोश: माज जुळवताना कोणत्या दिवशी काय चालते

गाय माज दाखवत नाही, म्हणून ‘माजाचे इंजेक्शन’ मागितले जाते. असे एकच इंजेक्शन नसते. प्रोस्टाग्लँडिन हे औषध बीजांडकोशावरचा पीतपिंड (बीजांड सुटलेल्या जागी तयार होणारा भरीव पिंड) विरवते. पीतपिंडच नसेल तर ते विरवणार काय? म्हणून आज बीजांडकोशात काय आहे ते आधी ठरवायचे, सुई नंतर.

माजाचा दिवस शून्य धरा. माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी, म्हणजे बहुधा माज संपल्यावर, बीजांड सुटते. फुटलेल्या पुटिकेच्या (ज्या पाण्याच्या फोडात बीजांड वाढते त्याच्या) जागी पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडू लागतो, आणि तो आहे तोवर माज येत नाही. पुटिका मात्र या काळातही वाढतात. एफएसएच (पुटिका वाढवणारे संप्रेरक) वाढले की त्यांची एक लाट उठते, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास एक पुटिका बाकीच्यांना मागे टाकते. पण प्रोजेस्टेरॉनमुळे एलएचचे (पुटिका फोडून बीजांड सोडवणाऱ्या संप्रेरकाचे) ठोके संथ असतात, त्यामुळे तीही न फुटता जिरते. एका चक्रात अशा दोन किंवा तीन लाटा येतात. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत गर्भाचा संकेत मिळाला नाही, तर गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड विरतो आणि त्या वेळी हजर असलेली पुटिका इस्ट्रोजेन वाढवून गाय माजावर आणते. आपण टोचतो ती या शेवटच्या पायरीचीच नक्कल.

दिवस कसा ओळखायचा

माजाची नोंद असेल तर अर्धे काम झाले. सोटात (योनीतून येणाऱ्या चिकट स्रावात) ताजे रक्त दिसले, तर माज एक ते तीन दिवसांपूर्वी होऊन गेला आहे. अनेक जण नेमकी त्याच दिवशी गाय भरवतात (रेतन करतात) आणि रेताची ती मात्रा वाया जाते, कारण बीजांड सुटल्यावर काही तासच टिकते. तारीख लिहा आणि अठराव्या दिवसापासून लक्ष ठेवा.

हाताच्या तपासणीत पीतपिंड भरीव, टोपीसारखा लागतो. पुटिका पाण्याने भरलेल्या फोडासारखी. सोनोग्राफीत पुटिका काळी, पीतपिंड राखाडी दिसतो. काही निरोगी पीतपिंडांच्या मध्ये पोकळी असते; तिला गाठ समजून उपचार करू नका.

प्रोस्टाग्लँडिन

आधी गाय गाभण नाही याची खात्री करा, नाहीतर गर्भपात होईल. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम किंवा डायनोप्रोस्ट 25 मिलिग्रॅम स्नायूत देतात. पहिले पाच दिवस पीतपिंड दाद देत नाही. सहाव्या ते सतराव्या दिवसापर्यंत देतो. माज 2 ते 5 दिवसांत येतो. पुटिका तयार असेल तर लवकर, लाट नुकतीच उठली असेल तर उशिरा. त्यामुळे माज न पाहता ठरलेल्या वेळी भरवण्यापेक्षा माज पाहून भरवा: सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हे औषध त्वचेतून शोषले जाते. गर्भवती स्त्रिया आणि दम्याच्या रुग्णांनी त्याला हात लावू नये.

माज न पाहता भरवायचे असेल तर: ओव्हसिंक

1. सोमवार सकाळी 8: जीएनआरएच, म्हणजे एलएच सोडायला लावणारे संप्रेरक (ब्युसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम)
2. पुढचा सोमवार सकाळी 8: प्रोस्टाग्लँडिन
3. बुधवार दुपारी 4, म्हणजे 56 तासांनी: पुन्हा जीएनआरएच
4. गुरुवार सकाळी 8: रेतन

फसते ते बहुधा पहिल्याच पायरीवर. त्या दिवशी सुमारे 10 मिलिमीटरची पुटिका नसेल तर बीजांड सुटत नाही आणि पुढचे वेळापत्रक विस्कटते. चक्राच्या पाचव्या ते नवव्या दिवशी सुरुवात केली तर ही शक्यता कमी होते. दुसरी अडचण अशी, की पहिल्या इंजेक्शनने तयार झालेला पीतपिंड दुसऱ्या सोमवारी जेमतेम पाच-सहा दिवसांचा असतो आणि पूर्ण विरत नाही. त्यावर 24 तासांनी प्रोस्टाग्लँडिनची दुसरी मात्रा देणे हा चांगला उपाय आहे. मधेच माज दिसला तर बुधवारची वाट पाहू नका, त्याच माजावर भरवा.

बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत

सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासूनही पीतपिंड सापडला नाही, तर गाय खरोखर माजाबाहेर आहे. प्रोजेस्टेरॉनचे उपकरण सात दिवस योनीत ठेवून ओव्हसिंकला जोड देता येते, पण मूळ कारण बहुतेकदा ऊर्जेची तूट असते. व्याल्यानंतर गाय दुधासाठी अंगावरची चरबी मोडते, इन्सुलिन घटते, एलएचचे ठोके मंदावतात आणि पुटिका फुटण्याइतकी वाढत नाही. पाचच्या मोजपट्टीवर अंगलोट (अंगावरच्या मांस-चरबीचा गुण) एका गुणापेक्षा जास्त उतरली, तर औषधापेक्षा आहाराकडे आधी बघा. व्यातेवेळी 3 ते 3.5 अंगलोट असावी. त्याहून लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते आणि जास्त उतरते.

पातळ भिंतीची, 2.5 सेंटीमीटरपेक्षा मोठी पुटिका टिकून असेल आणि पीतपिंड नसेल, तर जीएनआरएच आणि सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन. ती हाताने दाबून फोडू नका. रक्तस्राव होतो, आतले अवयव चिकटतात.

जास्त दुधाच्या गाईंमध्ये मुका (लक्षणे न दिसणारा) माज वाटतो तो अनेकदा फक्त आखूड असतो. त्या खातात जास्त, यकृतातून रक्त वेगाने वाहते आणि इस्ट्रोजेन लवकर निघून जाते. अशा गाईंना दिवसातून तीनदा, दर वेळी 20 ते 30 मिनिटे, धारेच्या आणि चाऱ्याच्या वेळा सोडून बघा.