रानातील अळंबी कशी ओळखावी: देठाचे बूड आणि बीजाणूंचा छापा

अळंबी ओळखायची असेल, तर नुसती छत्री खुडून घरी आणू नये. चाकूने किंवा खुरप्याने भोवतीची माती सैल करून ती बुडासकट अलगद उचलावी, कारण ॲमॅनिटा प्रजातीतील अतिविषारी जातींची मोठी खूण, म्हणजे देठाच्या तळाशी असलेली पांढरी पिशवी, बहुधा मातीतच राहून जाते. अळंबी कशावर उगवली होती, म्हणजे वारुळावर, कुजक्या लाकडावर, शेणावर की उघड्या माळावर, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे आणि प्रत्येक अळंबी वेगळ्या कागदी पुडीत बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून लवकर सडते.

मृगाच्या पावसानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, चंदगड आणि राधानगरीकडील लोक ज्या वारुळाच्या अळंबीची वाट पाहतात, तिचा देठ मुळासारखा जमिनीत खोल गेलेला असतो. त्याचे टोक वाळवीच्या भूमिगत बागेत पोचते. वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्याचे सच्छिद्र पोळे रचते, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी (वारुळाची अळंबी हे तिचेच फळ) वाढते, लाकडातील पचायला कठीण द्रव्ये मोडते आणि ते मुरलेले पोळेच वाळवीचे अन्न होते. म्हणून अळंबीसाठी वारूळ कधीही फोडू नये. बाग उद्ध्वस्त झाली की पुढचे पीकही गेले. मात्र लांब देठ ही अटळ खूण नव्हे. याच प्रजातीतील एक इवलीशी जात वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर दाट उगवते आणि तिला असा देठ नसतो.

यानंतर बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, छापा घ्यावा. पूर्ण उमललेल्या छत्रीचा देठ कापून, कल्ले, म्हणजे छत्रीच्या आतल्या बाजूच्या पातळ पट्ट्या, खाली येतील अशी ती निम्म्या पांढऱ्या व निम्म्या काळ्या कागदावर ठेवावी, वर वाटी झाकावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी बीजाणूंचा रंग कागदावर उतरलेला दिसतो. टर्मिटोमायसिसचा छापा फिकट गुलाबी, तर ॲमॅनिटाचा पांढरा असतो. माळावरच्या क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस या विषारी अळंबीचा छापा हिरवट येतो. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असल्याने ती खाद्य वाटते आणि खाल्ल्यास जोराच्या उलट्या-जुलाब होतात. विषारी एन्टोलोमाचा छापाही गुलाबीच असतो, त्यामुळे एकट्या छाप्यावर निर्णय घेऊ नये.

फणसाच्या खोडावरील टणक फणसांबा हा खाण्याचा नव्हे, औषधाचा. तोंड आल्यावर तो उगाळून लावण्याची प्रथा आहे. राधानगरी अभयारण्यात मात्र काहीही उपटू नये, तेथे छायाचित्र व नोंद एवढेच करावे.

खाण्याबाबत माझे मत ठाम आहे: पिढ्यान्‌पिढ्या तीच अळंबी खाणाऱ्या जाणत्या माणसाने ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चुलीवर चढवू नये. सोबत शिजवलेली लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडते का, किड्यांनी ती खाल्ली आहे का, या परीक्षा निरर्थक आहेत. अतिविषारी ॲमॅनिटाचे विष शिजवूनही जात नाही, आणि लक्षणे साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात. मध्येच उलट्या थांबून बरे वाटले, तरी यकृताची हानी चालूच असते. शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णाला थेट कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात न्यावे आणि उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत घ्यावी.