नळदुर्ग एका दिवसात : सोलापूरहून निघताना या चुका टाळा

सोलापूरपासून हैदराबाद रस्त्याने बोरामणी, इटकळ, अणदूर करत तास-सव्वा तासात किल्ल्याचे गाव नळदुर्ग येते. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. अंतर पन्नासेक किलोमीटरच असल्याने लोक 'जाऊन येऊ की दुपारपर्यंत' म्हणत नऊ-दहाला निघतात. बहुतेकांची सहल बिघडते ती इथेच.

जुलैत धबधबा बघायला जाणे

हा भाग सह्याद्रीच्या पलीकडचा, अवर्षणाचा. लोणावळ्याचे वेळापत्रक इथे लागू पडत नाही. सोलापूर-धाराशिवकडे पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या सरींत पडतो. किल्ल्यातले नर-मादी धबधबे बोरी नदीचे. नदी अडवून बांधलेल्या दगडी बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून ते कोसळतात. त्यातही किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून सांडल्याशिवाय खाली जोरदार पाणी येत नाही. सोलापुरात रात्रभर पाऊस झाला म्हणून सकाळी गाडी काढली आणि समोर कोरडा बंधारा, असे होते ते यामुळेच. शहरातला पाऊस बघू नका, बोरी धरण सांडू लागल्याची बातमी बघा. ती बहुधा गणपतीनंतर येते, आणि एखाद्या वर्षी येतच नाही.

धबधबे वाहत नसले तरी पाणीमहाल चुकवू नये. खरे तर बांधकाम नीट बघायचे असेल तर कोरडे दिवसच बरे. इ.स. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात हा महाल बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच बांधला. वरून पाणी कोसळत असताना आत कोरडे बसून खिडकीतून ते बघता येते. उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि ओलसर आहेत. चपला किंवा गुळगुळीत तळाचे सँडल घातले की पहिल्या वळणावरच पाय सटकतो. खोल खाचांचा तळ असलेले बूट आणि एक लहान टॉर्च असू द्या. मोबाईलचा दिवा लावला की एक हात अडकतो आणि भिंतीला धरायला उरत नाही. पाण्याचा जोर फार असला तर खाली उतरू देतीलच असे नाही. तेव्हा पहारेकऱ्याशी वाद घालू नका.

उलट्या क्रमाने फिरणे

हुलमुख दरवाजातून आत गेले की सगळे आधी पाणीमहालाकडे पळतात, रेंगाळतात, आणि भर उन्हात उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या चढू लागतात. किल्ला काळ्या दगडाचा. अकरानंतर हा दगड तापतो आणि वरून उन्ह, खालून झळ असा मारा सुरू होतो. बुरुजावर सावली नाही. चक्कर येते ती याच जागी.

म्हणून दरवाजा उघडतो त्या वेळेला दारात हजर राहा. (ऋतूप्रमाणे वेळ बदलू शकते, आदल्या दिवशी फोन करून विचारा.) आत गेल्यावर आधी उपळ्या बुरूज. माथ्यावरच्या तोफा आणि खालचे नदीचे वळण सकाळच्या उजेडात छान दिसते. मग तटाच्या कडेने नऊ पाकळ्यांचा नवबुरूज. पाणीमहाल शेवटी ठेवा, कारण उन्ह चढल्यावर थंडावा तिथेच मिळतो. एवढ्याला साडेतीन-चार तास लागतात. पाणी माणशी दोन लिटर, मार्च ते मे तीन लिटर. त्या तीन महिन्यांत लहान मुले आणि आजी-आजोबांना घेऊन न गेलेलेच बरे.

एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या गाड्यांच्या वेळा उतरल्या उतरल्या विचारून ठेवाव्यात. नळदुर्गला रेल्वे नाही.

खंडोबा गृहीत धरणे

किल्ल्यासोबत खंडोबाचे दर्शन करू म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अणदूर आणि नळदुर्ग (मैलारपूर) या दोन गावांत देव एकच. मूर्ती वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला असते, नळदुर्गला सुमारे पावणेदोन महिनेच. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते. त्या दिवशी निवांत किल्ला बघायचा बेत असेल तर तारीख बदला. यळकोटाच्या गर्दीत गाडी लावायलाच तास जाईल.

खाण्यातल्या चुका

सकाळी निघताना भरपेट पुरी-भाजी खाऊन बुरूज चढायला जाऊ नये. दोन धपाटे, थोडे दही, बस्स. दही स्टीलच्या डब्यात भरून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दहाच्या आत संपवा, नंतर ते आंबते. शेंगा पोळी प्रवासाला उत्तम टिकते, पण तिच्यात गूळ असल्याने तहान लागते. चढण्याआधी एक, उतरल्यावर एक.

कडक भाकरी किल्ल्यावर नेण्याची चूक फार जण करतात. पिशवीत तिचा चुरा होतो आणि कोरडी खाल्ली की घशात अडकते. ती ताटात बसून खायची वस्तू. चुरून वर येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची) गरम आमटी ओता, चार-पाच मिनिटे मुरू द्या, मगच पहिला घास घ्या. घाई केली तर बाहेरून लगदा आणि आतून टणक असे होते. जेवायला बसल्यावर 'भाकरी' एवढेच म्हटले तर मऊ येईल, 'कडक' असे स्पष्ट सांगा. एवढ्या लांब येऊन हायवेवर पनीर बटर मसाला मागवणाऱ्यांना काय सांगावे!

डिसेंबर ते फेब्रुवारीत ज्वारीचा हुरडा असतो. तो वाटेत सहज मिळेल या भरवशावर राहू नका. शेतावर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. गुळभेंडी किंवा कुचकुची वाणाचा असेल तर उत्तम. आगटीतून (कणसे भाजायच्या विस्तवातून) निघालेला हुरडा तळहातावर चोळून तिथेच गरम खावा. घरी नेलेला संध्याकाळपर्यंत चिवट होतो. वर पाण्याऐवजी ताक प्या, पोट जड होत नाही.

शेंगा चटणी घेताना रंगावर जाऊ नका. चिमूट बोटांत दाबून बघा. कुटलेल्या चटणीला तेल सुटते आणि ती गोळा धरते. यंत्रात नुसती दळलेली भुकटीसारखी सुटी राहते, तिला चव कमी. पाव किलो पुरे, जास्त घेतली तर शेंगदाण्याच्या तेलाला खवट वास येऊ लागतो. काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि ओला चमचा घालू नका. दही कालवायचे ते वाटीत, बरणीत नव्हे.