आरटीओएस निवडण्याआधी बोर्डावर काय मोजाल

औद्योगिक कंट्रोलरसाठी आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करून देणारी ऑपरेटिंग सिस्टीम) निवडायची वेळ आली की तुलनेचे तक्ते बाजूला ठेवून मी आधी ऑसिलोस्कोप काढतो. मला एकच आकडा हवा असतो: काम ठरल्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त किती उशिरा सुरू होतं? सरासरी इथे कामाची नाही. नियंत्रणाचा लूप (ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा धावणारा कोड) लाख वेळा वेळेवर धावला आणि एकदा चुकला, तरी मोटर झटका खातेच.

मोजणी अशी करा. टायमरला दर १ मिलिसेकंदाला इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) द्यायला लावा आणि त्याच टायमरच्या आउटपुट कंपेअरने, म्हणजे थेट हार्डवेअरमधून, एक पिन हलवा. ही पिन सॉफ्टवेअरमधून हलवू नका. तशी हलवली तर कर्नलने (आरटीओएसच्या गाभ्याने) इंटरप्ट बंद ठेवल्यामुळे झालेला उशीर मोजणीतून निसटतो. इंटरप्टने जागं केलेल्या टास्कच्या (कर्नल चालवतो त्या स्वतंत्र कामाच्या) पहिल्याच ओळीत दुसरी पिन हलवा. दोन्ही पिनांमधलं अंतर म्हणजे उशीर. स्कोप इन्फिनिट पर्सिस्टन्सवर (जुन्या रेषा न पुसता) ठेवून रात्रभर चालू द्या. एकदाच आलेली उशिराची कडसुद्धा सकाळी पडद्यावर सापडते.

पण बोर्ड रिकामा बसवून मोजलंत तर सगळेच आरटीओएस छान दिसतील. इथरनेटवर पॅकेटांचा मारा करा, सिरियल पोर्ट भरून वाहू द्या, लॉग फ्लॅशमध्ये लिहीत राहा, आणि हे सगळं एकाच वेळी. माझ्या एका कंट्रोलरमध्ये मधूनच लूप थांबायचा. मी कर्नलला दोष देत तो बदलला, दोन आठवडे घालवले, तरी थांबणं तसंच. खरं कारण असं, की आतल्या फ्लॅशचा सेक्टर पुसला जात असताना त्याच फ्लॅशमधून कोड वाचणारा प्रोसेसर अडकून पडत होता. नियंत्रणाचा कोड, त्याचे इंटरप्ट आणि व्हेक्टर टेबल (कोणत्या इंटरप्टला कुठला कोड धावायचा त्याची यादी) रॅममध्ये हलवल्यावर तो प्रश्न सुटला. म्हणून कर्नल बदलण्याआधी हे तपासाच.

दुसरी तपासणी म्युटेक्सची, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकाच टास्कला वापरू देणाऱ्या कुलपाची. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. कमी प्राधान्याच्या टास्कने धरलेल्या म्युटेक्ससाठी वरच्या प्राधान्याची टास्क खोळंबायची आणि मधल्या प्राधान्याची कामं पुढे निघून जायची. त्यावर चालणाऱ्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं वरचं प्राधान्य देणं) होतं, फक्त त्या म्युटेक्सवर बंद होतं. पृथ्वीवरून ते चालू केलं गेलं. फ्रीआरटीओएस या मोफत आरटीओएसमध्ये म्युटेक्सला ही सोय आहे, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बायनरी सेमाफोरला नाही. कोड तपासताना ही अदलाबदल मी आधी शोधतो.

आता उमेदवार. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर मी आधी फ्रीआरटीओएस लावून पाहतो: एमआयटी हा मोकळा परवाना, गाभा इतका लहान की बसून वाचता येतो. कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसरवर एक सोय मला फार मोलाची वाटते. कर्नलसाठी आखलेल्या मर्यादेपेक्षा वरच्या प्राधान्याचे इंटरप्ट तो कधीच रोखत नाही. मोटरच्या करंटचा लूप तिथे ठेवा, मात्र तिथून कर्नलचं एकही फंक्शन बोलावू नका.

नेटवर्क, सेन्सर, ब्लूटूथ असं बरंच हवं असेल तर झेफर ही आरटीओएस पाहा. ड्रायव्हर आयते मिळतात, पण डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) शिकायला वेळ राखून ठेवा. थ्रेडएक्स ही आरटीओएस आता एक्लिप्स फाउंडेशनकडे आहे आणि त्यातला प्रीएम्प्शन थ्रेशोल्ड (किती प्राधान्याच्या टास्कने चालू टास्कला थांबवावं याची मर्यादा) अनावश्यक कॉन्टेक्स्ट स्विच, म्हणजे टास्कांची अदलाबदल, वाचवतो. पडदा आणि डेटाबेसही चालवायचा असेल तर लिनक्स. लिनक्सला वेळेचं बंधन पाळायला लावणारं प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आलं आहे, तरी मायक्रोसेकंदांचा हिशेब असलेला लूप मी वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवरच ठेवतो.

यंत्राजवळ माणूस उभा राहणार असेल आणि आयईसी ६१५०८ हे सुरक्षिततेचं मानक लागू होत असेल, तर निवड इथेच आकसते. प्रमाणपत्रासकट मिळणारे क्यूएनएक्स, व्हीएक्सवर्क्स किंवा सेफआरटीओएस यांची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. फ्रीआरटीओएसवर वर्षभर काम करून मग प्रमाणपत्राकडे वळलात तर बरंच काम पुन्हा करावं लागतं.

स्कोपच्या प्रत्येक चित्रासोबत कंपायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची पातळी आणि क्लॉक लिहून ठेवा. कंपायलर बदलला की तोच कर्नल वेगळे आकडे देतो, आणि मग सगळी रात्रभराची मोजणी पुन्हा लावावी लागते.