डॉमिनिकाला डायव्हिंगला जाताय? या चुका टाळा, आम्ही बऱ्याचशा केल्यात

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे हो! एक कॅरिबियन समुद्रात ग्वादलुप आणि मार्टिनिक या बेटांच्या मधला, रोझो राजधानी असलेला छोटासा ज्वालामुखीचा देश, दुसरा पुंता काना वगैरे रिसॉर्टवाला मोठा देश. मी ऑफिसात सुट्टी मागितली तेव्हा बॉसपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी दुसराच देश समजून मला सल्ले दिले.

भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही हे वाचून लोक खूश होतात आणि वाटेतला देश विसरतात. मायामीवरून थेट विमान आहे, पण मग अमेरिकेचा व्हिसा हवाच. ग्वादलुपवरून फेरीने जाऊ म्हणाल तर ते फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे नेहमीच्या शेंगेन व्हिसावर भरवसा ठेवू नका, आधी विचारून घ्या.

आता खरी महत्त्वाची चूक. ती आम्ही अगदी करता करता राहिलो, म्हणून जरा पाल्हाळ लावते. आमचा प्लॅन असा की सकाळी दोन डाइव्ह, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बॉइलिंग लेकचा, म्हणजे डोंगरातल्या उकळत्या तळ्याचा ट्रेक, कागदावर एकदम मस्त. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर निदान 18, पण डोंगराचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, मग तो दाब विमानात कमी होवो नाहीतर डोंगरावर. साधारण 600 मीटरच्या वर गेलात की विमानाचाच नियम धरायचा, आणि बॉइलिंग लेकची वाट चढत चढत हजार मीटरच्या जवळ जाते, शिवाय जाऊन-येऊन सहाएक तासांची दमछाक. हे बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला डोंगरच आहे, सकाळी पाण्याखाली 25 मीटरवर असलेला माणूस गाडीने तासाभरात ढगात जातो. म्हणून ट्रेक आधी, डायव्हिंग नंतर, आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा. त्या दिवशी सूफ्रिएर गावात बबल बीचवर समुद्राकाठच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसा की.

पुढची चूक आपल्या मंडळींची खास. तारकर्ली-मालवणला इन्स्ट्रक्टरने टाकी धरून फिरवून आणलं, फोटो काढले, म्हणजे "आम्ही स्कूबा केलंय". केलंय, पण ते सर्टिफिकेट नाही. पहिल्या सर्टिफिकेटच्या, म्हणजे ओपन वॉटर कोर्सची मर्यादा 18 मीटर, आणि डॉमिनिकातल्या सुळक्यांच्या काही डाइव्ह त्याहून खोल जातात. सूफ्रिएरचा उपसागर बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड आहे असं मानतात, तिथे किनाऱ्यापासून थोडंसंच पुढे गेलं की भिंत सरळ खाली उतरते. पाणी इतकं स्वच्छ की खोलीचा अंदाज चुकतो, तळ दिसत नाही म्हणून "थांबायचं कुठे" हेही कळत नाही. घड्याळाकडे म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघत राहायचं, मासे पळून जात नाहीत. आणि खाली जायला अंगावर लावतात ती वजनं जास्त लावून घेऊ नका. पृष्ठभागावर, हवा भरायचं जॅकेट रिकामं करून नेहमीसारखा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, धोंड्यासारखे खाली गेलात तर वजन काढा.

स्नॉर्कलिंगवाल्यांसाठी शॅम्पेन रीफ. तळातल्या भेगांतून गॅसचे बुडबुडे सारखे वर येत असतात, खरंच सोडा वॉटरच्या ग्लासात पोहल्यासारखं, आणि काही ठिकाणी पाणी हाताला कोमट लागतं. पण किनारा मऊ वाळूचा नाही, गोटे आहेत, ओले झाले की घसरतात. मी हवाई चपलांवर गेले आणि पहिल्या पाच पावलांत बसले. बूट घ्या, रबरी, टाचेला बंद असलेले. शिवाय रोझोला क्रूझ जहाज लागलेल्या दिवशी तिथे आपल्या चौपाटीएवढी गर्दी होते, जहाजांचं वेळापत्रक आधी बघून ठेवा.

मास्कमध्ये पाणी येतंय? आमच्या ह्यांचं तीन दिवस हेच चाललं होतं, पट्टा आवळला, आणखी आवळला, चेहऱ्यावर वळ उठले तरी पाणी येतंच. कारण मिशा! नाकाखालची एक बारीक पट्टी साफ केली आणि गळती बंद. (मिशांबद्दल घरी दोन दिवस शांतता होती.) पट्टा जास्त आवळला की उलट गळतं, आणि कपाळावरची एक बट आत अडकली तरी पुरे. नवा मास्क धुक्यासारखा होत असेल तर आतून टूथपेस्टने घासून धुवा.

पावसाचंही बघा. चक्रीवादळाचा सीझन जून ते नोव्हेंबर, 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने हे बेट अक्षरशः सोलून काढलं होतं. वादळ नसलं तरी जोराचा पाऊस झाला की नद्या गाळ घेऊन समुद्रात येतात आणि वरचं पाणी गढूळ होतं, त्या दिवशी नदीच्या मुखाजवळ स्नॉर्कलिंग नको. फेब्रुवारी ते मे त्या मानाने कोरडं असतं.

स्पर्म व्हेल वर्षभर असतात, पण त्यांच्यासोबत पाण्यात उतरायला सरकारी परवाना लागतो, कुणी बोटीवर हळूच "उतरवतो" म्हणालं तर सोडून द्या.

किरकोळ पण महागात पडणारं: "फिफ्टी डॉलर" म्हटलं की कुठले ते विचारा. तिथला डॉलर ईस्ट कॅरिबियन, अमेरिकन डॉलरला 2.70. आम्ही एका टॅक्सीला अमेरिकन समजून पैसे काढले, ड्रायव्हर भला माणूस, हसून परत केले. आणि मिलिटरी डिझाइनचे कपडे घरीच ठेवा, तिथे घालायला कायद्याने बंदी आहे, माझ्या भावाची आवडती हाफ चड्डी बॅगेतून मी निघायच्या आदल्या रात्री काढली.